पेट्रोलचा वास आणि दादा

पेट्रोल पंपावर गाडीची काच खाली केली की तो उग्र वास आत शिरतो आणि मला पिंगळीजवळचा रस्ता आठवतो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, सकाळचं कोवळं ऊन. थोरल्या भावानं जुन्या गाडीत मोठं इंजिन आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारा जास्त दाबाचा पंप स्वतःच्या हातानं बसवला होता, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी तो मला त्याच गाडीतून परभणीला सोडायला निघाला होता. चढावर गाडी धापा टाकू लागली. "पंप कमी पडायलाय," म्हणत त्यानं आणखी जोर दिला, तोच माझ्या नाकात वास गेला. "दादा, बंद कर! पेट्रोल गळायलंय!" त्यानं गाडी थांबवून बॉनेट उघडलं, पण त्याला काहीच उमगेना. मग खाली बघत म्हणाला, "मला वासच येत न्हाई गं. तो मोठा ताप आल्ता ना, तवापासून. भाजीचाबी न्हाई." घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इंजिन गार झाल्यावर मी वाकून एकेका नळीला नाक लावत गेले, तर पंपाजवळच्या जोडावर साधी रबरी नळी चिरलेली. नव्या पंपाचा दाब तिला सोसला नव्हता. "आईला सांगू नको," तो हळूच म्हणाला आणि मला रिक्षात बसवून नवी नळी आणायला गेला. आजही घरी गेले की जेवताना आईसमोर मी मोठ्यानं म्हणते, "आज फोडणीच्या लसणाचा वास जरा जास्तच सुटलाय," आणि तो लगेच मान डोलावतो.