पाण्याचं कार्ड

ऑटिझम असलेल्या मुलांना मागायला, थांबायला, ‘नको’ म्हणायला शिकवणं हे माझं काम. मी त्यात पदवी घेतली, वरिष्ठांच्या देखरेखीखाली कामही केलं. पण आपल्या राज्यात या कामाला परवानाच नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावावी, आणि माझी सही मात्र कुठंच चालू नये.

करमाडहून एक आई मुलीला घेऊन यायची. मुलगी बोलत नसे. तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायची. उन्हाळाभर खपून आम्ही तिला पाण्याच्या चित्राचं कार्ड हातात द्यायला शिकवलं. नियम एवढाच: आपण होऊन पाणी पुढे करायचं नाही, तिनं कार्ड दिलं की मात्र त्याच क्षणी द्यायचं. आईला ते जड गेलं. “पाण्यासाठी लेकराला थांबवावं व्हय, ताई?”

शाळेनं प्रवेशासाठी नोंदणीकृत तज्ज्ञाचा अहवाल मागितला. मुलगी आपली गरज सांगू शकते का, एवढंच त्यांना हवं होतं.

तज्ज्ञ सज्जन होते. आम्ही टेकतो न टेकतो तोच “उन्हातून आलात” म्हणत त्यांनी तिच्यापुढे ग्लास ठेवला. तो संपला तसा पुन्हा भरला. कार्ड फ्रॉकच्या खिशातच राहिलं.

“गरज व्यक्त करत नाही,” लिहिता लिहिता ते म्हणाले.

माझं शिक्षण इंग्रजीतलं; मनात वाक्य आधी इंग्रजीत जुळलं, मग मी ते मोडून मराठीत सांगितलं. “सर, ती मागते. थोडी तहान लागू द्या.”

“तुमचा नोंदणी क्रमांक?”

“या कामाची नोंदणी होतच नाही, सर.”

“मग तुमचं म्हणणं कशाच्या आधारावर लिहू?”

ते अगदी शांतपणे बोलले. मला त्याचाच जास्त राग आला.

“साहेब, रोज मागती ओ!” आई म्हणाली. “तिनं मागावं म्हणून सासूबाई तर आता तांब्या लपवून बसतात.”

ते हसले. “सगळ्या आया असंच म्हणतात.”

अहवाल टाइप होईपर्यंत आम्ही खाली लिंबाच्या सावलीत थांबलो. ऊन चढलं. मुलीनं खिशात हात घातला आणि कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं.

आईनं माझं मनगट धरलं. “पाजू नका, ताई! अशीच वर नेऊ. बघू द्या त्यास्नी.”

जिना समोरच होता. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. वर पोहोचेपर्यंत तिनं डोकं आपटलं असतं, आणि मागून काही मिळत नाही हेही शिकली असती.

मी बाटलीचं झाकण उघडलं.

ती पीत असताना आई माझ्याकडे पाठ करून जिन्याकडे बघत राहिली. वरून शिपायानं हाक मारली, “अहवाल तयार आहे, या.”