दोरीबाहेरचे चुळबुळे सर

तंत्रशाळेतल्या वेल्डिंगच्या मास्तरांना पोरं पाठीमागे 'चुळबुळे सर' म्हणायची. माणूस एका जागी म्हणून टेकायचा नाही. कुणी नट आवळताना दिसलं की हे मागून येणार, "आण इकडे" म्हणून पाना काढून घेणार आणि काम उरकूनच परत देणार. बायको नळ दुरुस्त करायला बसली की आधी मोरीला आतून कडी घालायची. थोरल्याला वेल्डिंग शिकवायला घेतलं, पण एक सांधा त्याला धड पुरा करू दिला नाही. तो आता कापडाच्या दुकानात आहे. "तिथं माझ्या हातातली कात्री कुणी ओढत नाही," म्हणतो.

आणि अशा माणसाला दोरीबाहेर उभं केलेलं!

तंत्रशाळांची विजेच्या गाड्यांची स्पर्धा होती. गाडी पोरांनी बांधायची, पोरांनीच चालवायची. मैदानात मास्तरांनी हात घालायचा नाही की तोंड घालायचं नाही. घातलं की गाडी बाद.

तपासनिसानं मोटरच्या वायरींची टोकं नव्यानं बसवायला सांगितली होती. पोरांची म्होरकी, एक चटचट बोलणारी पोरगी, गुडघ्यावर बसून त्या जोडत होती. गाडी देखणी दिसावी म्हणून पोरांनी तिन्ही वायरींना काळी टेप गुंडाळलेली, त्यात रंगच झाकले गेले. सरांनी पाहिलं, मधली वायर कडेला गेली! आता चाक उलटं फिरणार. सगळ्या मैदानासमोर हसं होणार.

सरांच्या पायाखाली जणू निखारे. शेजारच्या शाळेचे मास्तर म्हणाले, "अहो, दोरी तुटेल. बसा की!"

"बसतो," म्हणाले, नि बसले नाहीत.

पोरीनं बटणाकडे हात नेला.

"मधली! मधली वायर बघ गं!"

शिट्टी वाजली. गाडी बाद.

"अहो, चूक माझी. पोरांना कशाला शिक्षा?" सर गयावया करायला लागले.

"नियम तुमच्यासाठीच केलाय, सर," तपासनीस म्हणाला.

पोरगी हात पुसत उठली. "सर, खाली बघा ना जरा."

मागचं चाक स्टँडवर चढवलेलं होतं, जमिनीपासून वीतभर वर. सरांची नजर वायरींवरून हललीच नव्हती.

"फिरवून बघूनच खाली घेणार होते. उलटं फिरलं असतं, तर बदलल्या असत्या." मग ती तपासनिसाकडे वळली. "नंबर नको. एक फेरी तरी मारू द्या."

त्यानं मान डोलावली. सर लगबगीनं दोरी उचलायला लागले.

"तुम्ही टेम्पोत बसा, सर. खरंच बसा."

गाडी आणलेल्या त्या टेम्पोतून नुसत्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. मोटरची गुणगुण सुरू झाली, लांब गेली, वळून जवळ आली आणि मध्येच थांबली.

"संपली का हो फेरी? की काही बिघडलं?"

"जाऊन बघा की," ड्रायव्हर म्हणाला.

सरांनी एक पाय खाली टाकला. वर घेतला. "तुम्ही बघून या," म्हणाले, "पण मला सांगू नका." दार ओढून घेतलं आणि लगेच काच खाली केली.