कांबळे मॅडमचं तळं आणि आमची पुस्तकं

चार माणसं एकाच छंदाला लागली आणि दर रविवारी भेटू लागली, की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठत जातात. आमच्या पक्षी मंडळाचेही साठले. ऑफिसात डबा खाताना मी ते सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पूर्वी मीही हसायचो. हल्ली सांगून झालं की माझंच डोकं तापतं.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. आपटे सर, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. निनाद, आयटीतला, गळ्यात कायम कॅमेरा. मी, शिंदे, विमा कंपनीतला, मुक्काम कसबा पेठ. आणि कांबळे मॅडम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन हडपसरजवळच्या मांजरी गावात राहायला गेलेल्या. त्यांच्या बाल्कनीसमोर, उसाला लागून एक तळं होतं. मिस्टर गेल्यापासून सकाळचा चहा त्या एकट्याच त्या तळ्याकडे बघत प्यायच्या. आम्हीही पक्षी बघायला तिथेच जायचो. तळं बुजवून इमारती होणार अशी बोलवा तेव्हाच उठली होती. मॅडमना ते काहीही करून वाचवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना आमची मदत हवी होती.

*

मी मंडळात नवा होतो तेव्हा सरांनी पहिलाच हुकूम सोडला, "शिंदे, आधी एक चांगलं पुस्तक घ्या. पुस्तकाशिवाय पक्षी बघणं म्हणजे नुसतं आकाशाकडे बघणं!"

गेलो अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानात. काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, "पक्षी ओळखायचं चांगलं पुस्तक कुठलं?"

"ज्यानं पक्षी ओळखता येतो ते."

"दोन-चार उघडून बघू का?"

"बघा. दुकान आठला बंद होतं."

मी सगळी पुस्तकं उलटसुलट चाळली आणि काहीच न ठरवता निघालो. पायरी उतरतोय तोवर मागून आवाज आला, "अहो, आमचे पक्षी सगळे पुस्तकातच आहेत ना? का एखादा तुमच्याबरोबर आलाय?"

मी परत फिरलो आणि हाताला लागलं ते पुस्तक घेतलं.

*

मंडळाचा एक कडक नियम होता. पुस्तकात सापडल्याशिवाय पक्षी "दिसला" असं म्हणायचं नाही! नियम अर्थातच सरांचा.

एकदा तळ्याच्या बांधावर एक शिकारी पक्षी येऊन बसला. ऐटदार, अगदी जवळ. आम्ही तिघांनीही झटकन पुस्तकं उघडली. सर चोचींच्या आकृत्या बघू लागले, निनाद शेपट्यांचे फोटो, आणि मी अनुक्रमणिकेतच अडकलो. मॅडमकडे पुस्तक नव्हतं. त्या आपल्या पक्ष्याकडे बघत होत्या.

"पाय पिवळे आहेत का?" सरांनी पुस्तकातून डोकं न काढता विचारलं.

"होते," मॅडम म्हणाल्या. "आता हडपसरपर्यंत पोचले असतील."

तो पक्षी आम्हाला दिसला नाही असंच ठरलं.

*

मग सुरू झालं चित्र की फोटो!

सरांचं पुस्तक चित्रांचं, निनादचं फोटोंचं. निनाद म्हणायचा, "सर, फोटो इज रिअल. चित्र म्हणजे कोणाच्या तरी मनातला पक्षी."

सर म्हणायचे, "फोटोत त्या दिवशी, त्या उन्हात बसलेला एक पक्षी असतो. चित्रात नर, मादी, पिल्लू, उडताना, बसताना, सगळं दाखवता येतं. पण तुम्हाला समजावणार कोण?"

सरांचं म्हणणं बरोबर होतं, हे आजही सांगतो. पण बरोबर माणसानं किती ताणावं? वाद व्हॉट्सॲपवर गेला. पानांचे फोटो, त्यावर लाल गोल, त्याखाली चार-चार परिच्छेद. चार माणसांच्या मंडळाचे दोन ग्रुप झाले! मॅडम दोन्हीत होत्या, मीही होतो.

या धुमश्चक्रीत एका सकाळी मॅडमनी चौघांच्या जुन्या ग्रुपवर लिहिलं, "आज डंपर आले. तळ्याच्या पलीकडच्या कडेला राडारोडा टाकतायत. कोणी येऊ शकेल का?"

पाच मिनिटांत सरांचं उत्तर आलं, "कृपया विषयाला धरून लिहावे."

निनादनं त्याला अंगठा दिला. दोन महिन्यांत त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. मॅडम एकट्याच डंपरसमोर जाऊन उभ्या राहिल्या, असं मला नंतर त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. मला फार वाईट वाटलं. पण ग्रुपवर मी तसं काही लिहिलं नाही.

*

जमिनीचे मालक तात्या एका रविवारी बुलेटवरून आले. आम्हाला वाटलं हाकलायला आले. पण माणूस सभ्य होता. त्यांनी सरांचं पुस्तक मागून घेतलं, बांधावर बसून पानं उलटली.

"ही समदी हितं येत्यात?"

"सगळी नाही. पण पुष्कळ येतात," मॅडम म्हणाल्या. "तात्या, तळं राहू द्या हो. दरवर्षी येतात बिचारे. जातील कुठे?"

तात्यांनी पुस्तक मिटलं. "ताई, त्यास्नी पंख हायत, ती जात्याल कुटंबी. चहूबाजूंनी बिल्डिंगा झाल्या, ऊस लावायला माणूस मिळंना. मी कुटं उडू?"

 सर तात्यांना म्हणाले, "पान दुमडलंत का? पुस्तकाचं पान दुमडू नये."

*

मॅडमनी खटपट करून बांधकामावरच्या हरकती ऐकणाऱ्या साहेबांची वेळ मिळवली. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. साहेब चांगले होते. आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"त्या तळ्यावर कुठले पक्षी येतात तेवढं सांगा. मी टिपणीत घालतो. दुर्मिळ काही असलं तर बघू, काम थांबवता येतं का."

मॅडम सांगू लागल्या, "शेकाट्या येतात, चक्रवाक येतात, तुतवार येतात..."

"कुठला तुतवार?" सर म्हणाले. "नेमकं सांगावं. तो ठिपक्यांचा आहे."

"नो सर, तो हिरवा," निनाद म्हणाला. "माझ्याकडे फोटो आहे."

"फोटोत तो उन्हात आहे!"

दोघांनीही पिशव्यांतून पुस्तकं काढली आणि साहेबांच्या टेबलावर उघडली. पंखाखालची पट्टी, शेपटीवरच्या रेघा, भुवईचा रंग. मॅडम "साहेब, बाकीचे तरी लिहून घ्या" म्हणत होत्या, पण ऐकतो कोण? साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. बाहेर माणसं ताटकळत होती.

"तुमचं आपसात ठरलेलं दिसत नाही," ते शांतपणे म्हणाले. "ठरवा आणि मग या."

ते "मग" कधी आलंच नाही.

परतताना मॅडमनी मंडईपाशी रिक्षा थांबवली. मी बरोबर होतो. त्यांनी मेथीची एक जुडी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि माझ्यापुढे धरली.

"शिंदे, मेथीच आहे ना? नाहीतर पुस्तक काढा तुमचं."

भाजीवाली हसली. मॅडम हसल्या नाहीत.

*

तळं बुजलं. तिथे आता तीन टॉवर उभे आहेत आणि मॅडमच्या बाल्कनीसमोर भिंत आहे. त्या चहा स्वयंपाकघरात पितात.

गेल्या वर्षी त्या टॉवरवाल्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा सरांना फोन आला. फ्लॅटच्या किल्लीबरोबर प्रत्येक कुटुंबाला पक्ष्यांचं एक पुस्तक भेट द्यायचंय, "नेचर थीम आहे ना सर," चांगलं कुठलं ते तज्ज्ञांनी निवडून द्यावं. वर तज्ज्ञांची नावं आत छापणार!

सरांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं, त्या मुलीलाही. मॅडम येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्या आल्या.

काय सांगू, इतकी सुरेख मीटिंग आमच्या मंडळाची कधी झाली नाही! पुस्तक खिशात मावावं. चित्राच्या समोरच माहिती असावी, उगाच मागे-पुढे चाळायला लागू नये. मराठी नावं असावीत. आणि साऱ्या देशाचं नको, आपल्या भागाचंच असावं, म्हणजे नवखा माणूस गोंधळत नाही. निनादनं चित्रं मान्य केली, सरांनी मागे थोडे फोटो मान्य केले. चहा संपायच्या आत पुस्तक ठरलं.

मुलगी खूश झाली. "सर, प्रकाशक आमच्यासाठी वेगळी आवृत्ती काढून देतायत. फक्त थोडं जाड होतंय. ही बदकं, बगळे, पाण्याकाठचे पक्षी, एवढी पानं काढली तर चालेल?"

सरांनी चष्मा पुसला. "तुमच्या परिसरापुरतं म्हणाल, तर काढायला हरकत नाही. तिथे आता ते दिसत नाहीत."

निनाद म्हणाला, "लॉजिकली करेक्ट आहे."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

मुलगी मॅडमकडे वळली. "मॅडम, तुम्ही तर अगदी समोर राहता. तुम्हाला काय वाटतं?"

"काढा ना," मॅडम म्हणाल्या. "आणि कबुतर पहिल्या पानावर घ्या. मोठं घ्या, पानभर. लोकांना ओळखता आलं पाहिजे."

"वॉव, नाइस सजेशन मॅडम!" म्हणून मुलीनं ते लिहून घेतलं.

पुस्तक छापून आलं. आम्हा चौघांना एकेक प्रत घरपोच मिळाली. पहिल्या पानावर कबुतर आहे. पानभर.