लिंक नाय, चहा मिळंल

"लिंक नाय मिळायची. चहा मिळंल," असं म्हणून नाना हाताचा पंजा फोनवर पालथा ठेवायचे. निफाडच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं भांड्यांचं दुकान, मध्ये एक भिंत. लग्नाचे फोटो त्यांनी काढायचे, आहेराच्या भांड्यांवर नावं मी घालायची. तुमच्याही गावात असा एक फोटोवाला असेल, सगळ्यांच्या लग्नात हजर आणि कुठल्याच फोटोत नसलेला.

हल्लीच्या नवरदेवांना फोटो लगेच मोबाईलवर हवे असतात. नाना पेनड्राइव्ह द्यायचे, तोही मुलीचे वडील स्वतः आले तरच. पुण्याहून एका जावयाचा फोन आला, "क्लाउडवर टाका ना, सगळे टाकतात." नाना म्हणाले, "लोकांच्या लेकीबाळी हायेत, पाहुणं. लिंक फिरत फिरत कुठं जाईल, तुमी धरायला जाणार का?" जावई बिचारा रजा टाकून सासऱ्यांना घेऊन आला आणि चहा पिऊन गेला.

मी म्हणायचो, "नाना, गिऱ्हाईक पळेल अशानं."

"पळू द्या. परत येतंय."

मग एक डिस्क बंद पडली. पिंपळगावच्या एका मुलीचं अख्खं लग्न गेलं. तिचे वडील रागावले नाहीत, नुसते स्टुलावर बसून राहिले. ते नानांना सोसलं नाही. स्वतःच्या मुलीला माहेरी बोलावून त्यांनी क्लाउडवर खातं उघडलं, सगळी लग्नं वर चढवली, जुन्या डिस्क पुसून पुन्हा वापरायला काढल्या. लिंक मात्र तेव्हाही कुणाला दिली नाही. खातं उघडताना फोनवर कोड यायचा, तो हाताच्या आडोशाने वाचायचे. शटर ओढण्याआधी खातंही न चुकता बंद करायचे. मुलीने सांगितलं, आईचा नंबर पण देऊन ठेवा. "एका कुलपाला दोन किल्ल्या कशाला?" एवढंच म्हणाले.

गेल्या लग्नसराईत नाना मांडवातच कोसळले. फोनही पडून फुटला. दवाखान्यात शेवटपर्यंत मी त्यांच्याजवळ होतो, तिथलं मला विशेष काही आठवत नाही. रडू तेव्हाही आलं नाही आणि अजून येत नाही. दुकानात बसून नावं घालतो, हात आपले चालतात.

भिंतीवर लावायला फोटो मिळेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात ते ओळखूही येत नाहीत. चांगला असा एकच होता. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला होता, नाना आणि काकू शेजारी शेजारी. तोही त्या खात्यात.

त्यांचं सिम काकूंच्या फोनमध्ये घातलं होतं. लोक तारखा विचारायला फोन करायचे, "नाना हायेत का?" काकूंना ते ऐकवेना. दहावं झाल्यावर त्यांनी नंबरच बंद करायला लावला. तेव्हा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

परवा मुलगी आली, आम्ही स्टुडिओ उघडला. पासवर्ड तिने लगेच ओळखला, तिचंच लाडाचं नाव होतं. आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढे वाकलो. आता फोटो दिसणार म्हणून काकूंनी पदराने चष्मा पुसला. पडद्यावर आलं, तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे. खाली नानांच्या नंबराचे शेवटचे आकडे. मुलगी उठून बाहेर गेली.

काकू बघत राहिल्या.

"भाऊ, पाठवला म्हणतंय. पोचला असंल ना त्यांना?"

मी हो म्हणालो.