माणूस आत असताना

"तुझा येशू धरेल दोरी. तू खाली ये."

शेठ जिन्याखालून म्हणाले आणि सगळे हसले. मी टाकीच्या डोक्यावर, मॅनहोलच्या तोंडाशी बसलो होतो. हातात दोरी. तिचं दुसरं टोक गणपतकाकाच्या कमरपट्ट्याला, आणि गणपतकाका आत, टाकीच्या तळाशी, गाळ खरवडत.

मी दोरी रेलिंगला बांधली आणि खाली उतरलो.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला मी शूर वाटेन. त्या दिवशी मी उतरलो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी ठेक्यावर काम करतो. टाकी साफ करायला माणूस आत उतरला की वर एकाला बसवतात. त्याचं काम एवढंच, बसायचं. आतल्यानं दोरी एकदा ओढली तर सगळं ठीक. तीनदा ओढली तर आरडाओरड करून माणसं गोळा करायची आणि त्याला वर खेचायचं. जागेवरून हलायचं नाही. कागदावर तसं लिहिलेलं असतं, खाली माझी सही असते. पण वर बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, असंच सगळे धरून चालतात. चहा आण. पाइप उचल. साहेबांची गाडी पूस.

मी ख्रिस्ती झालो त्याला चार वर्षं झाली. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथं बापानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथं बिरवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत रूथमावशी राहते. माझ्या बायकोला टायफॉइड झाला तेव्हा मावशी अकरा दिवस तिच्या उशाशी बसली. येशूचं नावही काढलं नाही. मीच विचारलं, एवढी का बसलीस? तेव्हा सांगितलं. रविवारी तिच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण जमतो. मला वाचायला वेळ लागतो, सगळ्यांसमोर प्रार्थना जमत नाही. मावशी म्हणाली, "नाय जमत तर नको करू. हातात जे काम हाय त्यात कोणाला एकटा सोडू नको. तेवढा केलास तरी बास."

मग मी ठरवलं, आत माणूस असताना दोरी सोडायची नाही. एवढीच माझी भक्ती. ती कुणाला दिसत नव्हती. दिसायचं ते डबा उघडण्याआधी माझं हात जोडणं. त्यावरून मला पादरी नाव पडलं.

त्या दिवशी कंपनीत सुरक्षेचा कार्यक्रम होता. पाहुणे, हार, माइक. शेठ म्हणजे आमचे ठेकेदार, खोऱ्यातले मोठे जमीनवाले. माझ्या बापानं त्यांच्या भातखाचरात जन्म काढला. त्यांना पाहुण्यांची करमणूक करायची होती. त्यांनी मला माइकसमोर उभं केलं.

"हा आमचा पादरी. म्हण रे, तुमचं ते गाणं म्हण. टाळ्या वाजवून म्हण."

मी म्हटलं. टाळ्या वाजवून. अख्खं कडवं. मध्येच कुणीतरी "हालेलुया" ओरडलं आणि पाहुणे पोट धरून हसले. मीही हसलो. ते माझं हसणं मला आजही सोसत नाही. देवाचं गाणं मी दोरीला बांधलेल्या माकडासारखं म्हटलं, आणि वर हसलो.

परत वर गेलो तर ब्लोअर बंद. टाकीत हवा सोडणारा पंखा तो. माइकला बोर्ड हवा होता म्हणून कुणीतरी ब्लोअरची पिन काढून माइकची लावली होती. दोरी ताणलेली होती. मी हाक मारली. आतून काही नाही. मी बोंब ठोकली, दोघे धावत आले, तिघांनी मिळून काकाला खेचून काढलं. ओठ निळे पडलेले. बाहेर आल्यावर तो ओकला, मग बराच वेळ धापा टाकत पडून राहिला. वाचला.

बोलता आलं तेव्हा पहिलं हेच बोलला.

"तीनदा ओढली रे दोरी. कुठं व्हतास?"

काय सांगणार? गात होतो?

तेव्हापासून मला भीतीनं घेरलं. घास गिळेना. काकाच्या नजरेची भीती, शेठची भीती, देवाची तर सगळ्यात जास्त. दोन रविवार मावशीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो, सगळं सांगून टाकलं. वाटलं, डोक्यावर हात ठेवेल.

"काकाची माफी मागितलीस?"

"नाय."

"मग माझ्याकडं कशाला आलास? जा."

गेलो. काका खोलीबाहेर कपडे वाळत घालत होता. मी त्याचे पाय धरले. त्यानं पाय मागे घेतले.

"पाय सोड रे. सोमवारी परत टाकी हाय. बसशील ना वर?"

त्याला दुसरा माणूस मागता आला असता. त्यानं मागितला नाही. माफीपेक्षा हे मला जड गेलं.

सोमवारी काका आत उतरला. तासाभरात शेठ आले. कुणा साहेबांची गाडी गेटपाशी चिखलात रुतली होती.

"पादरी, उतर. धक्का मार."

"माणूस आत हाय, शेठ."

"मग? पाच मिनिटांत काय मरत नाही कुणी."

मरतो. मरता मरता वाचलेला काका मी बघितला होता.

"काका भायर आला की येतो. आता नाय उतरणार."

शेठ जिना चढून वर आले, इतके जवळ की अत्तराचा वास आला. हळू आवाजात म्हणाले, "तुझा बाप माझ्यासमोर चपला हातात घेऊन उभा राहायचा."

खरं होतं. लहानपणी मी बांधावरून ते पाहिलं आहे. माझे पाय लटपटत होते, आणि तेव्हाच मला कळलं की हे लटपटणं माझ्या एकट्याचं नाही. ही भीती मला बापानं दिली, बापाला त्याच्या बापानं. आमच्या घरात वाटून द्यायला दुसरं काही नव्हतंच. येशूचं नाव घ्यावं म्हटलं तर जीभ टाळूला चिकटलेली. दोरी तेवढी धरून ठेवली.

शेठनी माझ्या गळ्यातला गेटपास हिसकावला. मानेला कचकन काच बसला आणि नाडी तुटली.

"उद्यापासून गेटवर दिसायचं नाही."

मी बसून राहिलो. पाऊण तास. काका घाम पुसत बाहेर आला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो जिन्यावरून नीट खाली पोचला, मग मी उठलो.

बायको घाबरली. रडली. मला तिला धीर देता आला नाही, मीच घाबरलेलो. शेठ सगळ्या ठेकेदारांना फोन करतात, हे इथं कुणाला ठाऊक नाही?

गेल्या आठवड्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलो. त्यानं वर-खाली पाहिलं.

"शेठशी वाकडं घेतलंस तो तूच ना? असली नाटकं इथं चालणार नाहीत."

"चुकलं माझं" एवढं म्हटलं असतं तर काम होतं.

"आधीच सांगतो, साहेब. आत माणूस असताना मला हाक मारायची नाय. मारलीत तरी मी येणार नाय."

त्यानं बाहेर थांबायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबलो. बोलावलं नाही.

उद्या तिसऱ्याकडे जाणार आहे. तिथं नाव सांगायच्या आधी हेच सांगेन.