दोन इमारतींमधली जागा

आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅनपेक्षा किस्सेच जास्त साठतात. प्लॅन पास होऊन जातात, किस्से राहतात. रावपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसातले बहुतेक दळवीसरांचे. मागच्या उन्हाळ्यात सर गेले. तरी चहा आला की कोणीतरी सुरू करतंच.

करजणजवळ हायवेवर जयंतीभाईंचं कमर्शियल कॉम्प्लेक्स होतं. सरांनी बिल्डिंगांमध्ये इतकी मोकळी जागा सोडली की जयंतीभाई उडालेच! "साहेब, वच्चे एक बिल्डिंग आवी जाय!"

सर म्हणाले, "येईल ना मध्ये अजून एक. पण मग फायर ब्रिगेड येणार नाही."

त्याच जागेत मी कारंजं काढलं होतं. सरांनी खोडलं.

"वाईट काय आहे त्यात, सर?"

"काही नाही. त्याला वळसा घालावा लागतो."

खूप हसलो होतो आम्ही!

पुढचं मला जयंतीभाईंनीच सांगितलं. ते हट्टाला पेटले, तेव्हा सरांनी त्यांना स्कूटरवर मागे बसवून पाणीगेटकडच्या एका मार्केटात नेलं. दोन बिल्डिंगांमधल्या चिंचोळ्या बोळात उभं केलं. "इथे माझी बायको चक्कर येऊन पडली. अ‍ॅम्ब्युलन्स तिकडे तोंडाशीच अडकली. मी उचलून नेलं तिला. उशीर झाला."

जयंतीभाईंनी हळूच विचारलं, "आ कोणे बनाव्युं, साहेब?"

"मीच."

परतताना स्कूटर जयंतीभाईंनी चालवली.

उद्घाटनाला मात्र ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगत होते, "आ खुल्ली जग्या तो में रखावी!" सर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

शेवटच्या आजारात सर सरकारी दवाखान्यात होते. मूलबाळ नव्हतं; आम्ही ऑफिसातलेच आळीपाळीने जायचो. वॉर्डात खाटा अगदी खेटून. शेजारच्या आजोबांच्या बायकोला टेकायलाही जागा नव्हती, खाटेच्या पायथ्याशी ताटकळत असायची बिचारी. सरांच्या खाटेला मात्र भिंतीच्या बाजूने एक खुर्ची मावत होती. त्या दिवशी तिच्यावर मी बसले होते.

सरांनी नर्सला बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. "सिस्टर, माझी खाट भिंतीला लावा. इकडे जागा होईल. ही खुर्ची त्या बाईंना द्या."

"आणि तुमचं माणूस कुठे बसणार, काका?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती उभी राहील."