कोंडिबांची पोच

आमची कचेरी कुठल्या खात्याची, ते विचारू नका. वेल्ह्यात होती, एवढं पुरे. मी तिथे आवक-जावक कारकून होतो. आता माझं पेन्शन सुरळीत चालू आहे आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

कचेरीसमोर चिंचेखाली विंझरचे कोंडिबा अर्ज लिहायला बसत. डोक्याला पटका, पुढ्यात पत्र्याची पेटी, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की तोरणा यांच्याच सातबाऱ्यावर चढलेला असावा. त्यांचा अर्ज ‘मेहेरबान’ने सुरू व्हायचा आणि तीन प्रतींत निघायचा. एक साहेबाला, एक स्वतःच्या पेटीला, एक अर्जदाराला. अर्जदार झाडाखालीच थांबायचा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, म्हणजे पोच, घ्यायला कोंडिबा स्वतः माझ्या खिडकीवर यायचे. पोच मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

आणखी एक नेम होता. अर्ज पुरा झाला की तो अर्जदाराला खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा आणि खाली लिहायचं, ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे.’ मग सही, नाहीतर अंगठा. सख्ख्या भावाचा अर्ज असता तरी त्यांनी यातलं अक्षर गाळलं नसतं.

दोन हजार सात-आठच्या सुमारास कोंडिबांचे कान गेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माणूस गाऱ्हाणं सांगू लागला की ते त्याच्या तोंडाकडे बघत मान डोलवत आणि नेहमीचाच अर्ज लिहीत. बांध कोरला, रेशनकार्डात नाव नाही, विहिरीची वाट अडवली. चुकलंच तर वाचून दाखवताना माणूस दोन्ही हात हलवायचा, मग कोंडिबा दुसरा कागद घ्यायचे. पण फारसं चुकत नसे. लोकांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षं तीच होती, कारण आमची उत्तरंही तीच होती.

त्यांना भीती एकच. बहिऱ्याकडे अर्ज लिहायला कोण येईल? रस्त्यापलीकडे महेजबीनने टायपिंग, झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान थाटलं होतं. भोरची लेक, वेल्ह्यात दिलेली, बोलायला गोड आणि बोटांनी चपळ. ‘त्या यंत्रवालीला’ कोंडिबा मोजत नसत, पण तिच्या दारातल्या चपला मात्र रोज मोजत.

शेवटी गुपचूप भोरला जाऊन त्यांनी एका नेट कॅफेतून कानाचं यंत्र मागवलं. वेल्ह्याच्या कुणी बघू नये म्हणून एवढा फेरा. कॅफेतल्या फरदीनने इंटरनेटवर कंपनी काढून दिली. पडद्यावर एक गोरा म्हातारा यंत्र लावून हसत होता. कोंडिबांनी त्या हसण्यावर विश्वास ठेवला. एवढ्या वर्षांत एवढ्या लबाडांचे अर्ज लिहिले, पण फोटोतल्या माणसाकडे पोच मागायचं त्यांना सुचलं नाही.

यंत्र टपालाने आलं. लावलं, तर कोंडिबांना त्यातून फक्त घरघर ऐकू येई आणि बाकीच्या वेल्ह्याला शिट्टी. दिवसभर चिंचेखाली कुकर लागल्यासारखं वाटत होतं. लोक इकडेतिकडे बघत होते आणि कोंडिबा मान डोलवत बसले होते. चौथ्या दिवशी यंत्र कायमचं गप्प झालं.

मग त्यांनी कंपनीला अर्ज लिहिला. बाजाराचा दिवस, समोर गर्दी. ‘मेहेरबान मालकसाहेब यांसी, मी अर्जदार दोन्ही कानांनी बहिरा असून...’ सगळं गुप्त, म्हणून प्रत एकच. वर पाच रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही डकवला. जणू कंपनीचा मालक सकाळी चावडीवर येऊन बसतो. इथवर ठीक होतं. पण अर्ज पुरा झाला आणि हाताला जशी सवय असते तशी घशालाही असते. अर्जदार स्वतःच होते, तरी कोंडिबांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि अर्जदाराला वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून, खणखणीत. आपला आवाज केवढा लागलाय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

भाजीवालीने तागडी खाली ठेवली. मी खिडकीत शिक्का हातात घेऊन उभा राहिलो. सगळा बाजार चिडीचूप. कोंडिबांनी खाली लिहिलं, ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे,’ आणि सही ठोकली. बाजार गप्प झालाय हेही त्यांना ऐकू आलं नाही. आपलं गुपित शाबूत आहे या समाधानात ते रजिस्टर करायला टपालात गेले.

त्यांना कुणी काही बोललं नाही. बाकीच्यांनी दयेपोटी तोंड बंद ठेवलं असेल. मी सोयीपोटी ठेवलं.

कंपनीचं उत्तर इंग्रजीत आलं, म्हणजे कोंडिबांना ते महेजबीनकडेच न्यावं लागलं. मी तिथे परिपत्रकाची झेरॉक्स काढत होतो. माझ्याकडे पाठ करून त्यांनी कागद पुढे केला आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, “पोरी, कुनाला बोलू नगंस.” दुकानाची काचसुद्धा हादरली. महेजबीनने गंभीरपणे मान हलवली. कागदावर लिहिलं होतं: तक्रार फक्त फोनवर घेतली जाईल.

बहिऱ्यांना यंत्रं विकणारी कंपनी, आणि तक्रार फक्त फोनवर! ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला आमच्या खात्यात सहज बढती मिळाली असती.

महेजबीनने फोन लावला. पलीकडून एक मुलगी हिंदीत म्हणाली, ग्राहकाने स्वतः बोलावं लागेल. महेजबीन म्हणाली, त्यांना ऐकू येत नाही. मुलगी म्हणाली, मग यंत्र लावून बोलायला सांगा.

“अवो, तेच तर बंद हाय!” महेजबीन मराठीतच ओरडली. मग तिने दुकानातल्या दराच्या पाटीवर खडूने लिहिलं, ‘आबा, तुम्हीच बोला. थांबू नका.’ आणि रिसीव्हर कोंडिबांच्या हातात दिला.

कोंडिबांनी घसा खाकरला. “मेहेरबान मालकसायेब यांसी!”

मुलगी मध्ये बोलली. कोंडिबा चालूच. तिने दुसऱ्याला जोडून दिलं, त्याने तिसऱ्याला. मध्येच गाणं वाजलं, कोंडिबा चालूच. या कंपन्यांची सगळी विद्या समोरच्याला मध्येच तोडण्यात; पण ज्याला ऐकूच येत नाही त्याला तोडणार कसं? पहिला अर्ज संपला, तसे ते स्मरणपत्र क्रमांक एककडे वळले. विसाव्या मिनिटाला महेजबीनने त्यांच्या हातावर टिचकी मारली आणि फोन आपल्या कानाला लावला. पलीकडचा माणूस काकुळतीने सांगत होता, नवं यंत्र पाठवतो, जुनं परतही नको, पण यांना आवरा.

महेजबीनने पाटीवर लिहिलं, ‘मिळालं.’

कोंडिबांनी विचारलं, “पोच?” तिने कंपनीकडून तक्रारीचा नंबर घेऊन तोही लिहिला. तिचं टायपिंगचं गिऱ्हाईक पळवणारा हा म्हातारा, आणि डोळे तिचे भरून आले होते. मला उगीचच तिचा राग आला.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी कोंडिबा साळूबाईचा अर्ज घेऊन माझ्या खिडकीवर आले. विहिरीची वाट शेजाऱ्याने अडवलेली. बाई डोक्यावर पाणी आणून थकली होती आणि हा तिचा तिसरा अर्ज. मी प्रतीवर शिक्का मारला आणि नेहमीप्रमाणे, कोंडिबांच्या तोंडावरच, शिपाई गेनबाला म्हणालो, “टाक रे खालच्या ढिगात. थेरड्याला काय कळतंय?”

चार वर्षं मी हे असंच म्हणत आलो होतो. पटका त्या दिवशी कानांवर जरा जास्तच ओढलेला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही.

कोंडिबा पोचेची प्रत घेऊन वळले. चिंचेखाली गेले आणि लिहायला बसले. तासाभराने तीन प्रती घेऊन खिडकीवर आले. मागे रांग होती. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि नेमाप्रमाणे वाचून दाखवला. आवाज मात्र पहिल्यांदाच बेताचा होता.

‘...सदर कारकून यांनी साळूबाई यांचा अर्ज खालच्या ढिगात टाकण्यास सांगितले. ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.’

रांगेत कुणी हसलं नाही. गेनबा हळूच वाकून खालच्या ढिगात हात घालू लागला.

“पोच द्या, भाऊसाहेब,” कोंडिबा म्हणाले.

नियमाने नाही म्हणता येत नव्हतं. शिक्का मारताना काहीतरी पुटपुटायची माझी जुनी सवय होती. मी तोंड घट्ट मिटलं आणि माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर शिक्का, सही आणि तारीख घालून दिली.